तालुका कोर्टातून निवडणुकीत: एका तैवानी वकिलाच्या फाइलवरून

वकिलाने राजकारणात पडावं की पडू नये, यावर बार रूममध्ये दुपारची सुट्टी संपेपर्यंत वाद घालता येतो. इथे तो घालायचा नाही. ज्यांचं ठरलंय, किंवा ज्यांच्या वतीने वाडीने परस्पर ठरवून टाकलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी मालवणला वकिली करते. नगरपरिषदेत एक टर्म काढली, पुढची हरले. त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडं ठाऊक आहे.

आपल्याकडे वकील आणि राजकारण म्हटलं की लगेच बॅरिस्टर नाथ पैंचं नाव निघतं. वेंगुर्ल्यात जन्मलेला माणूस, १९५७ पासून १९७१ मध्ये जाईपर्यंत राजापूरचा खासदार. नाव घ्यावंच, पण ते घेतलं की ज्युनिअर पोरं आरशासमोर भाषणाची तयारी करू लागतात. भाषण हा या कामातला शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग. म्हणून मी त्यांच्यापुढे दुसरी फाइल टाकते: तैवानचे चेन श्वेई-ब्यान. या फाइलचा गुण असा की वर जाण्याचा रस्ता आणि खाली कोसळण्याचा रस्ता, दोन्ही तिच्यात आहेत, आणि दोन्हीकडे वकिलीचाच हात आहे.

माझे सिनियर, अण्णा, ट्रॉलरच्या विम्याचे क्लेम लढवायचे. मार्च २००० मध्ये पेपरात आलं की जहाजांच्या विम्याचं काम करणारा वकील तैवानचा राष्ट्राध्यक्ष झाला. अण्णांनी ती बातमी कापून टेबलाच्या काचेखाली सरकवली आणि येणाऱ्या प्रत्येक तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, दाखवली, "बघ, आमच्या लायनीतलो माणूस!" माझी ओळख तिथली. पुढचं मी स्वतः वाचत गेले, आणि २००८ नंतर तर जास्तच लक्ष देऊन.

फाइलमध्ये काय आहे

चेन यांचा जन्म १९५० चा, तैवानच्या दक्षिणेला तैनानजवळच्या ग्वानत्येनचा. बाप कूळ. घरात पैसा नाही, पोरगा मात्र हुशार. तैपेईच्या राष्ट्रीय विद्यापीठात आधी व्यापारशाखेला प्रवेश घेतला. १९६९ मध्ये हुआंग शिन-च्ये या विरोधी नेत्याचं भाषण ऐकलं आणि शाखा बदलून कायद्याला आले. पदवी हातात पडण्याआधीच वकिलीची परीक्षा पास. १९७६ पासून सागरी आणि व्यापारी कायद्याच्या फर्ममध्ये. एव्हरग्रीनसारखी बडी जहाज कंपनी पक्षकार. लग्न डॉक्टरांच्या मुलीशी, वू शू-चेन यांच्याशी. म्हणजे तिशीच्या आतच बस्तान बसलेलं.

तैवानात तेव्हा लष्करी कायदा होता. १९४९ मध्ये लागू झालेला तो १९८७ मध्ये उठला. सत्ताधारी क्वोमिन्तांग सोडून दुसरा खरा पक्ष काढायला परवानगी नाही. १० डिसेंबर १९७९, म्हणजे मानवी हक्क दिनाला, काओश्युंग शहरात विरोधकांनी मोर्चा काढला, तो चिघळला, धरपकड झाली. आठ प्रमुखांवर राजद्रोहाचा खटला लष्करी कोर्टात उभा राहिला. त्यात हुआंग शिन-च्ये होते. आरोपींतच दोघे वकील होते, लिन यी-श्युंग आणि याओ च्या-वेन. त्यांची वकीलपत्रं कोण घेणार? ज्यांनी घेतली त्यांत चेन एक. बायकोने भरीला घातलं असं सांगतात. १९८० च्या मार्चमध्ये खटला चालला, निकाल विरुद्ध गेला. हुआंगना १४ वर्षं, शिह मिंग-ते यांना जन्मठेप, उरलेल्यांना १२.

आता पुढचं बघा. त्या खटल्यातल्या बचावाच्या वकिलांतून एक राष्ट्राध्यक्ष निघाला आणि तीन पंतप्रधान निघाले: चांग च्युन-श्युंग, फ्रँक श्ये आणि सू त्सेंग-चांग. १९८६ मध्ये डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टी स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष च्यांग पेंग-च्येन हेही त्याच टेबलावरचे. आरोपींपैकी लू श्यू-लिएन, त्याही कायदा शिकलेल्या, पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाल्या. हरलेल्या केसने एवढी माणसं उभी केली.

पहिली पायरी: अशी केस घ्या जिची फी येणार नाही

इतर वकिलांनी "तारीख नाही हो" म्हणत टाळलेली, आणि गावाचं लक्ष असलेली केस. दोन्ही अटी महत्त्वाच्या. नुसती फुकट केस हे दानधर्माचं काम झालं, त्यातून पुण्य मिळेल, ओळख नाही. काओश्युंगच्या खटल्याचं कामकाज तिथल्या वर्तमानपत्रांत सविस्तर छापून येत होतं. वकील काय बोलले हे लोकांनी घरी बसून वाचलं. निकाल काय लागणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं, कोण उभं राहिलं तेवढं लक्षात राहिलं.

आपल्या किनाऱ्यावर अशा केसेस शोधायला लागत नाहीत. किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकर आणि मोठ्या यांत्रिक जाळ्यांचे पर्ससीनवाले यांचा झगडा घ्या. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पर्ससीनवर २०१६ मध्ये निर्बंध आले, एलईडीचा प्रकाश टाकून मासे ओढण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. कागद इतका चोख असून रापणीच्या जाळ्यात काय येतं ते मालवणच्या मेढ्यात जाऊन विचारा. पूर्वी हे दावे तहसीलदारांपुढे चालायचे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांपुढे गेले. तिथे छोट्या होडीवाल्याच्या बाजूने कागद नीट लिहून देणारा माणूस लागतो. तक्रारीत दिवस, वेळ, होडीचा नंबर, किनाऱ्यापासूनचं अंतर आणि बघणाऱ्यांची नावं, एवढं असलं तर तिला वजन येतं. "काल रात्री मोठे बोटी इल्ले आणि सगळां ओढून नेल्यांनी" एवढ्यावर काही होत नाही. ही चार वाक्यं लिहून देणारा वकील वाडीला दहा वर्षं आठवतो.

स्मशानाची वाट अडवल्याचं प्रकरण, वहिवाटीची पाणंद, खाजण जमिनीचा बांध, वारस नोंद अडकलेली विधवा, हीसुद्धा त्याच जातीची कामं. सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर तालुका विधी सेवा समितीच्या पॅनलवर नाव घाला. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याखाली कुठल्याही स्त्रीला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कोठडीतल्या आरोपीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. पॅनलचं मानधन बघून तोंड वाकडं करू नका. ते काम नेहमीच्या पक्षकाराच्या केसइतक्याच तयारीने करा. पॅनलचा वकील उलटतपासणी झटपट उरकतो असा समज आहे, आणि तुम्ही तो मोडताय हे बाकावर बसलेल्या पंधरा माणसांना दिसतं.

एक सावधगिरी. निवडणूक जवळ आली म्हणून अशी केस घेऊ नका. लोकांना वास येतो. चेन १९८० मध्ये उभे राहिले तेव्हा त्या टेबलावर बसण्याने धंदा बुडेल की तुरुंग लागेल हे कुणालाच माहीत नव्हतं. तिकीट तर नजरेतसुद्धा नव्हतं.

दुसरी पायरी: विरुद्ध पक्षकार मोजा

यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण वकील उमेदवार इथेच आपटतो आणि त्याचं कारण त्याला निकालानंतरही कळत नाही.

डॉक्टर उभा राहिला तर त्याचे पेशंट हे त्याचे मतदार. वकिलाचं तसं नसतं. त्याच्या प्रत्येक पक्षकारामागे एक विरुद्ध पक्षकार असतो, आणि तालुक्याच्या गावात तो त्याच प्रभागात राहतो. चेन यांचे पक्षकार जहाज कंपन्या आणि विरुद्ध बाजूला विमा कंपन्या. त्यांतल्या कुणाचंही तैपेईत मत नव्हतं. आपल्याकडे दिवाणी कामात काय असतं? वाटपाचे दावे. सामायिक सातबारावर चाळीस-चाळीस नावं, त्यातला एक भांडुपला, एक डोंबिवलीला, तिघे वारलेले, एक कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही. अशा दाव्यात एका चुलत्याची बाजू घेतलीत की उरलेली सगळी भावकी पुढची वीस वर्षं तुम्हाला ओळखून असते. दावाही साधारण तेवढाच चालतो.

तर एक जाड वही घ्या. डावीकडे पक्षकार, उजवीकडे विरुद्ध पक्षकार, वाडीवार. सुटलेल्या केसेसही लिहा. मग प्रभागाची मतदारयादी शेजारी ठेवून खुणा करा. उजवी बाजू लांब दिसली तर घाबरू नका. त्यातल्या किती जणांशी कोर्टाबाहेर सरळ बोलत आलात, ते बघा. ज्याला तुम्ही साक्षीला उभं करून घाम फोडलात, पण बाहेर आल्यावर "काय काका, बरां मां?" विचारलंत, तो माणूस फुलीत धरायचा नाही. ज्याला उलटतपासणीत विनाकारण हिणवलंत, त्याच्या घरातली सगळी मतं गेली म्हणून समजा. सून माहेरची तुमच्या वाडीतली असली तरी.

देवस्थानच्या केसेस वेगळ्या. मानपानाच्या. एका गावात पालखी आधी कुठल्या मांडावर थांबायची यावरून दावा लागला होता. कागदपत्रांत जुन्या पावण्या, मानकऱ्यांची यादी, शिमग्याचा क्रम. माझ्याकडे दोन्ही बाजू येऊन गेल्या. एका बाजूचे म्हातारे मानकरी ओटीवर बसले, पिशवीतून लाल फडक्यात बांधलेले कागद काढले, सोडले नाहीत, नुसते मांडीवर ठेवले. "वकिलीणबाय, आमचा कायदो ह्याच्यात आसा," म्हणाले. मी चहा पाजला आणि वकीलपत्र घेतलं नाही. ज्या गावातून मत मागायचंय त्या गावच्या पालखीची केस घ्यायची नाही, कुठल्याच बाजूने नाही, फी कितीही असो. जिंकलात तर अर्धं गाव गेलं आणि हरलात तर उरलेलं अर्धं. कुणी मध्यस्थी करायला बोलावलं तर मात्र जरूर जा.

आणखी एक. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट प्रचारात वापरायची नाही. समोरचा उमेदवार तुमचा जुना पक्षकार असेल आणि त्याच्या घरातलं सगळं तुम्हाला ठाऊक असेल, तरीही नाही. बार कौन्सिलच्या शिस्तीचा भाग सोडा, पण तुम्ही एकदा जीभ सैल सोडलीत की दुसऱ्या दिवसापासून तुमच्या ऑफिसात कुणी खरं बोलणार नाही.

सनद आणि पाटी

हे पटकन. लोकप्रतिनिधी झालं म्हणून वकिलीची सनद ठेवायला बंदी नाही. आमदार-खासदारांनी वकिली करू नये म्हणून याचिका झाली होती, सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०१८ ला ती फेटाळली. पूर्णवेळ पगारी नोकरी वकिलाला चालत नाही, आमदारकी तशी नोकरी ठरत नाही, असा त्याचा गाभा. मात्र ज्या संस्थेच्या कार्यकारी समितीवर आहात तिच्या बाजूने किंवा तिच्याविरुद्ध कोर्टात उभं राहायचं नाही, हे बार कौन्सिलच्या नियमांत आहे. नगरपरिषदेच्या पॅनलवर असाल, तर अर्ज भरायच्या आधी पॅनल सोडा आणि सोडल्याची पोच घ्या. सहायक सरकारी वकील असाल तर तेही सोडा. वकिलाला जाहिरातीची मनाई आहे, त्यामुळे प्रचारपत्रकावर ऑफिसचा पत्ता आणि "दिवाणी, फौजदारी, महसुली कामे केली जातील" असलं काही छापू नका. आणि निवडून आल्यावर ऑफिसच्या पाटीवर "नगरसेविका" रंगवायचा मोह आवरा.

तिसरी पायरी: स्वतःच्याच अर्जाची छाननी

दुसऱ्याच्या अर्जावर हरकत घ्यायला वकील पटाईत असतो. तीच नजर स्वतःच्या कागदांवर, अर्ज भरण्याच्या निदान सहा महिने आधी. माझी पद्धत अशी: एका रविवारी ज्युनिअरला फाइल द्यायची आणि सांगायचं, तू समोरच्याचा वकील, मला बाद करून दाखव.

तो काय शोधेल? स्थानिक संस्थांसाठी वय २१ पूर्ण, विधानसभेला २५, हे सोपं. नाव त्या संस्थेच्या मतदारयादीत आहे का? हे सोपं वाटतं, पण वकिली कणकवलीत, भाड्याची खोली कुडाळात आणि घर गावात असणाऱ्यांची नावं भलत्याच यादीत निघतात. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलांमुळे एकूण संख्या दोनपेक्षा जास्त होते का? राखीव जागा असेल तर जातवैधता प्रमाणपत्राचं काय? घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी? बिल वडिलांच्या नावे येतं, वडील वारून वर्षं झाली, भरणारा भाऊ मुंबईला, आणि पावती कुणाकडेच नाही, अशी घरं कोकणात वाडीला डझनभर. ग्रामपंचायतीला उभं राहत असाल तर सरकारी जागेवरचं अतिक्रमण बघा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या घराचं अतिक्रमणही सदस्याला भोवतं असं धरलं. आता घरामागे जाऊन उभे राहा. आजोबांनी पुढे काढलेली पडवी, माडाच्या झापांची पत्र्याची झालेली शेड, गडग्याच्या पलीकडे लावलेली चार आंब्याची कलमं. मोजणी नकाशा हातात घेऊन बघा. तुम्हाला जे "आमचंच आहे" वाटतं ते नकाशात गावठाणाबाहेर निघालं, तर आधी तो विषय मिटवा, अर्ज नंतर भरा.

शपथपत्रात केसेस लिहायच्या असतात. लोक लपवतात. लपवू नका. चेन यांच्यावरही शिक्षा होती: एका मासिकाचे संचालक म्हणून बदनामीच्या खटल्यात एक वर्षाची शिक्षा, त्यातले आठ महिने १९८६-८७ मध्ये तुरुंगात काढले. ती शिक्षा त्यांना राजकारणात आडवी आली नाही, कारण ती कशासाठी झाली हे लोकांपुढे उघडं होतं. आंदोलनातली केस असेल तर ती छातीवर घेऊन मिरवता येते, लपवलेली सापडली की तीच गळ्याशी येते.

कुठून सुरुवात, आणि चाकरमानी

चेन १९८१ मध्ये तैपेईच्या नगरपरिषदेवर निवडून आले. तिथून सुरुवात. १९८५ मध्ये गावाकडे तैनान जिल्ह्याच्या प्रमुखपदाला उभे राहिले आणि पडले. १९८९ मध्ये संसदेत, १९९४ मध्ये तैपेईचे महापौर. गावचा हुशार मुलगा गावात पडला आणि शहरात निवडून आला, हे मी मुद्दाम लिहितेय. आपल्याकडे उलटं गृहीत धरतात, की गाव आपलंच आहे. गावाला तुमच्या घराण्याची तीन पिढ्यांची भांडणं पाठ असतात, शहराला तुमचं काम तेवढं दिसतं.

मतविभागणीचं गणितही त्यांच्याकडून शिका. १९९४ मध्ये समोरची मतं दोन उमेदवारांत फुटली आणि ते सुमारे ४४ टक्क्यांवर महापौर झाले. १९९८ मध्ये समोरची बहुतेक मतं एकट्या मा यिंग-जिऊ यांच्याकडे गेली. चेन यांची मतं वाढून ४६ टक्क्यांच्या आसपास गेली आणि ते हरले. २००० मध्ये पुन्हा तिरंगी लढत, आणि ३९.३ टक्क्यांवर राष्ट्राध्यक्ष. म्हणजे "माझी मतं वाढली" हे हरलेल्याचंही खरं असू शकतं. वाडीवार वही काढून तिसरा उमेदवार कुणाची मतं खातो ते आधी मांडा. आपल्याकडे तिसरा बहुतेक तुमच्याच भावकीतला असतो, आणि त्याला कुणी उभं केलं हे तुम्हाला गणपतीपर्यंत कळत नाही.

गणपतीचं नाव निघालं म्हणून. ज्यांची नावं गावच्या यादीत आणि चुली मुंबईत, त्यांच्याशी बोलायची वेळ म्हणजे चतुर्थी आणि शिमगा. प्रचार म्हणून जाऊ नका. आरतीला जा, टाळ घ्या, मोदक खा, आणि कुणी सातबारावरचं नाव लागलं नाही म्हणून सांगितलं तर तिथेच कागद बघून पुढची पायरी सांगा. फेरफार कुठे अडलाय ते मोबाइलवर शोधून दिलंत तर बॅनरची गरज नाही. मतदानाच्या दिवशी मुंबईहून गाडी कोण करतो हा पुढचा प्रश्न, आणि त्याचा खर्च कुणाच्या खात्यात पडतो हा त्याच्या पुढचा. मतदारांना फुकट वाहनाने आणणं हा गैरप्रकार आहे, हे वकिलाला मी सांगायला नको.

घरात कोण कोण उभं राहतंय

१९८५ च्या त्या पराभवानंतर चेन पती-पत्नी आभार मानायला हिंडत असताना वू शू-चेन यांना गाडीने उडवलं. कमरेखाली कायमचं अपंगत्व आलं. पुढच्या वर्षी नवरा तुरुंगात असताना त्या चाकाच्या खुर्चीतून संसदेवर निवडून आल्या. सुटून आल्यावर चेन त्यांचे कायदेविषयक साहाय्यक झाले.

आपल्याकडे स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. वकील नवऱ्याची जागा राखीव झाली की घरातल्या बाईचा अर्ज भरला जातो आणि सभेत नवरा बसतो. मी सभागृहात असे नवरे पाहिलेत, मागच्या खुर्चीवरून चिठ्ठ्या पाठवणारे. वकील असूनही! बायको उभी राहणार असेल तर नवऱ्याने चेन यांच्यासारखं साहाय्यक व्हावं: टिपण काढून द्यावं, कायदा शोधून द्यावा, आणि सभेच्या वेळी कोर्टात असावं. आणि वकील मुलींनो, राखीव जागेची वाट बघत बसू नका. लू श्यू-लिएन यांनी काओश्युंगला भाषण केलं, १२ वर्षांची शिक्षा झाली, पाच वर्षांहून जास्त भोगली, १९९७ मध्ये ताओयुआन जिल्ह्याच्या प्रमुख म्हणून निवडून आल्या. मागच्या खुर्चीवर कुणी नव्हतं.

पैसा, पावत्या आणि "कायद्यात बसतं"

राष्ट्राध्यक्षाच्या हाती राज्यकारभारासाठी खास खर्चाचा निधी असतो. २००६ मध्ये आरोप झाला की त्या निधीतून पैसे काढायला दुसऱ्यांच्या खरेदीच्या पावत्या जोडल्या. नोव्हेंबरात वू शू-चेन यांच्यावर आरोपपत्र आलं, चेन पदावर असल्यामुळे त्यांच्यावर खटला भरता येत नव्हता. चेन यांचं म्हणणं, पैसा गुप्त परराष्ट्र कामाला गेला. त्या वर्षी लाल कपडे घालून हजारो लोक राजीनामा मागायला रस्त्यावर बसले. पुढे कोण होतं? शिह मिंग-ते, काओश्युंगच्या खटल्यात जन्मठेप झालेले.

ऑगस्ट २००८ मध्ये, पद सोडल्यावर, चेन यांनी कबूल केलं की निवडणूक खर्चाचे हिशेब खरे दाखवले नव्हते आणि उरलेला पैसा बायकोने परदेशी पाठवला होता. आपल्याला ते उशिरा कळलं, असंही म्हणाले. दुसऱ्या दिवशी पक्ष सोडला. नोव्हेंबरात कोठडी. सप्टेंबर २००९ मध्ये जन्मठेप, अपिलात ती २० वर्षांवर आली. नोव्हेंबर २०१० मध्ये जमीन खरेदी आणि नेमणूक अशा दोन लाच प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली, दोन्ही मिळून साडेसतरा वर्षं. जानेवारी २०१५ पासून ते आजारपणामुळे बाहेर आहेत. पावत्यांचा खटला २०२२ मध्ये कायदाच बदलल्यावर निकाली निघाला, लाचेच्या शिक्षा त्यापासून वेगळ्या. त्यांचे समर्थक याला राजकीय सूड म्हणतात, आणि तैवानात यावर अजून घरोघर भांडणं होतात.

मला यात वकील दिसतो. आपली सगळी हयात "हे कलमात बसवता येईल का" या प्रश्नावर जाते, आणि पक्षकारासाठी तो प्रश्न बरोबरच आहे. खुर्चीत बसल्यावर पक्षकार कुणी नसतो, तरी डोकं तसंच चालतं. ठेकेदाराचं बिल आलं, त्यात काय चुकलंय हे बघायच्या ऐवजी ते कसं बसवता येईल हे आधी सुचतं. सभागृहात लोक याच कामासाठी वकिलाकडे येतात. "म्हॅडम, तुमीच काय तां वाक्य सुचवा." ठरावाचं वाक्य सुचवायला मी कधी नाही म्हटलं नाही, पण आधी विचारायचे, पाइप खरंच पडलाय का? मग जाऊन बघायचे. पावसात, छत्री घेऊन, तोंडावर मीटर नसलेली जोडणी दाखवणारे लोक सोबत.

हिशेबाचं मात्र कडक ठेवा. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं, पक्षकारांची फी त्यात चुकूनही नको. रोजचा खर्च त्याच रात्री वहीत: मंडप, रिक्षा, चहा, छपाई. कुणी "वहिनी, ह्यां माझ्यातर्फे" म्हणून बॅनर लावून दिला तर त्याचाही बाजारभाव लिहा. पावती ज्या दुकानाची, ज्या तारखेची, ज्या वस्तूची, तीच जोडायची. दुकानदार कोरं बिलबुक पुढे करतो, ते परत करा. निकालापासून ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो आणि तो हरलेल्यालाही लागतो. हरलेले तो देत नाहीत, मग निवडणूक आयोग अपात्र ठरवतो आणि पुढच्या वेळी छाननीत कळतं. पोचपावतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊनच कार्यालयातून निघा.

निवडणुकीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या बोर्डावर काम असेल तर ज्युनिअरला पाठवू नका. जिंकला असाल तरी स्वतः जा, हरला असाल तर नक्कीच जा, आणि वेळेच्या आधी जा. चेन डिसेंबर १९९८ मध्ये महापौरपद हरले आणि मार्च २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. मधल्या पंधरा महिन्यांत ते लोकांना दिसत राहिले. तुमच्या विरोधात मत दिलेला विरुद्ध पक्षकार त्या दिवशी बाकावर बसलेला असेलच. त्याचीच उलटतपासणी असेल तर नेहमीसारखी घ्या, थोडीही जास्त नको, थोडीही कमी नको.